उलटे पाणाडे



विहीर खणावयाची झाली म्हणजे आपण पाणाड्याला बोलावतो. आज आम्ही आपणांस उलट्या पाणाड्यांची हकीगत सांगणार आहोत. अणुवीजकेंद्रातील किरणोत्सर्गी कचरा पुरण्यासाठी त्यांना हवी असते पाण्याचा वावर नसलेली जागा. कारण पुरलेला कचरा पुन्हा माणसापर्यंत आणून सोडतो तो मुख्यतः पाण्याचा पाझरच. आणि ही राखण थोड्याथोडक्या काळाची नव्हे. त्या कचऱ्यात सापडणाऱ्या प्लुटोनियम-२३९ चे प्रमाण निम्म्यावर येण्यासच सुमारे २४,००० वर्षे लागतात!

जर्मनीत आस्से येथे मिठाची एक जुनी खाण आहे. मीठ टिकले आहे त्या अर्थी तेथे पाणी नाही, हा तर्क वरकरणी बिनतोड. खाण आयतीच खणलेली होती. १९६७ ते १९७८ या काळात तीत कमी व मध्यम किरणोत्सर्गाच्या कचऱ्याची सुमारे १,२६,००० पिंपे ठेवली गेली. पण खाणकामाने पोखरलेले मीठ अखंड राहत नाही. १९८८ पासून आत खारे पाणी झिरपताना आढळले. रोज सुमारे १२,००० लिटर! अखेर ती पिंपे बाहेर काढावीत, असा कायदा २०१३ मध्ये करावा लागला.

फिनलंडने १९८३ मध्येच या कामाचे वेळापत्रक आखले. निरनिराळ्या ठिकाणी खोल भोके पाडून खडक तपासला आणि ओल्किलुओटो बेट निवडले. तेथे अणुवीजकेंद्र आधीपासून होते, तेव्हा सोयही पाहिली गेली हे खरे. परंतु केवळ सोयीवर निकाल दिला नाही. खडक सुमारे १९० कोटी वर्षांचा. त्यालाही भेगा आहेतच, म्हणून सव्वाचारशे मीटरांच्या आसपास खोलीवर तांब्याच्या डब्यांत इंधन ठेवून भोवती पाण्याने फुगणारी माती भरावयाची, अशी योजना केली. शिवाय ‘नाही’ म्हणण्याचा कायदेशीर अधिकार तेथील गावाला होता. त्या गावाने २००० मध्ये होकार दिला, आणि मगच २००१ मध्ये संसदेची मान्यता मिळाली.

हे सारे दूरदेशीचे म्हणून सोडून देता येत नाही. आपल्या तारापुरासही असा कचरा काचेत गोठवून ठेवतात, आणि त्या काचेलाही कायमचे घर लागणारच. तो दिवस येईल तेव्हा आपण दोनच प्रश्न विचारावेत: येथे पाणी कोठवर पोहोचते? आणि गावाला नकार देता येतो काय?

आयती जागा आणि सुरक्षित जागा यांतील अंतर ज्याने ओळखले, तोच खरा पाणाड्या.