टर्नटेबल बदलताना : आधी शंभर फेऱ्या मोजा

(या भागातल्या बोलण्याचं लेखी रूप. वाचायला सोपं जावं म्हणून थोडी काटछाट केली आहे, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.)

आजचा विषय मागच्या भागानंतर आलेल्या मेसेजेसमधून ठरला. बऱ्याच जणांचा प्रश्न एकच आहे: "पहिला स्वस्तातला रेकॉर्ड प्लेअर घेतला, दोन-तीन वर्षं वाजवला, आता पुढचा कोणता घेऊ?" मी नुकताच त्याच प्रश्नातून बाहेर पडलोय. त्यामुळे थेट नावं सांगण्याआधी माझं काय झालं ते सांगतो. त्यात एक चूकही आहे. ती ऐकून तुमची एखादी रेकॉर्ड वाचली, तरी या भागाचं चीज झालं.

माझा पहिला प्लेअर सूटकेसवाला. झाकण उघडायचं, आत तबकडी, पुढे दोन छोटे स्पीकर. लॉकडाऊनच्या काळात घरून काम चालू होतं, तेव्हा घेतला. दिसायला गोड, आवाज बरा, आणि ३३, ४५, ७८ असे तिन्ही वेग. मी खूश होतो. जुन्या बाजारात रविवारी जायचं, दोन-चार एलपी आणायच्या, मीटिंग संपली की लावायच्या, असं चाललं होतं.

मग गेल्या वर्षी साताऱ्याचं आजीचं घर विकलं आणि तिची एक पत्र्याची ट्रंक आमच्याकडे पुण्याला आली. आत ३४ रेकॉर्ड्स, सगळ्या ७८च्या. नाट्यसंगीत, भावगीतं, काही ख्याल. आजीच्या वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या. आजी आता ८६ वर्षांची आहे, कानाला मशीन आहे. मी मोठ्या उत्साहानं एक रेकॉर्ड लावली. आजीनं अर्धा मिनिट ऐकलं आणि विचारलं, "या बाईंना घाई आहे का रे?"

मला वाटलं, कानाच्या मशीनचा प्रश्न असेल. पण तो प्लेअरचा होता.

हे कसं कळलं? बघा, अगदी सोपी युक्ती आहे, एक पैसा लागत नाही. ३३⅓ वेग म्हणजे मिनिटाला ३३ पूर्णांक एक तृतीयांश फेऱ्या. म्हणजे तीन मिनिटांत बरोबर १०० फेऱ्या. एलपीच्या लेबलवर कागदाचा छोटा तुकडा चिकटवा, रेकॉर्ड वाजती ठेवा, मोबाइलवर स्टॉपवॉच लावा आणि शंभर मोजा. १८० सेकंद आले पाहिजेत. माझे आले १७५. म्हणजे जवळजवळ तीन टक्के जास्त वेग. तीन टक्के ऐकायला किरकोळ वाटतं, पण दोन शेजारच्या पट्ट्यांमध्ये सुमारे सहा टक्क्यांचं अंतर असतं. म्हणजे गाणारी बाई अर्धी पट्टी वर चढली होती. मला तीन वर्षांत कळलं नाही, आजीला अर्ध्या मिनिटात कळलं.

कामाच्या ठिकाणी प्रोग्राम हळू चालतोय म्हटल्यावर आम्ही लगेच सर्व्हर बदलत नाही. आधी वेळ कुठे जातोय ते मोजतो. इथंही तेच करा. नवीन टर्नटेबल घेण्याआधी नक्की काय खटकतंय ते शोधा.

रेकॉर्डच्या शेवटच्या गाण्यात स, श कर्कश येतात का? मग सुई आणि तिची बसवणूक बघा. बारा इंची एलपीच्या बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटीमीटर खाच जाते. लेबलजवळ पोचेपर्यंत तेच २१ सेंटीमीटर होतं. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो, त्यामुळे झिजलेली किंवा वाकडी बसलेली सुई तिथे आधी उघडी पडते. सतत घुंई येतेय? मग अर्थिंगची तार आणि प्रीअँप बघा. बास वाढवल्यावर घुमायला लागतं? मग स्पीकर आणि टर्नटेबल एकाच टेबलावर आहेत का ते बघा. टेबल वेगळं केलं की प्रश्न मिटतो, तोही फुकटात. सूटकेस प्लेअरमध्ये मात्र स्पीकर त्याच खोक्यात असतात, तिथे इलाज नाही.

आणि सगळ्यात आधी रेकॉर्ड स्वच्छ आहे का ते बघा. इथे माझी चूक येते.

एलपी पुसायला मी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि डिस्टिल्ड वॉटरचं मिश्रण वापरायचो. व्हायनलला ते चालतं. ट्रंकेतल्या रेकॉर्डवर बुरशीचे डाग होते, म्हणून तेच मिश्रण लावलं आणि कापडानं पुसलं. कापड काळं झालं. मी म्हटलं, वा, काय मळ निघतोय! तो मळ नव्हता, रेकॉर्डच होती. जुन्या ७८च्या रेकॉर्ड्स शेलॅकच्या, म्हणजे लाखेच्या असतात, आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. फर्निचरचं पॉलिश करणारे लाखेचे पापुद्रे स्पिरिटमध्येच विरघळवतात. हे मला माहीत होतं हो! पण डोक्यात दोन गोष्टी एकत्र आल्या नाहीत. एक बाजू राखाडी, निस्तेज झाली. लावली तर नुसतं खरखर.

दोन दिवस मी सांगितलंच नाही. मग सांगितलं. आजी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "दुसरी बाजू ठीक आहे ना? मग तिला हात लावू नकोस." रागावली असती तर बरं वाटलं असतं.

तर लिहून ठेवा: ७८च्या रेकॉर्डला अल्कोहोल नाही, म्हणजे नाही. मऊ ब्रश, डिस्टिल्ड वॉटरमध्ये साबणाचा एखादा थेंब, लेबल कोरडं ठेवायचं आणि लगेच टिपून घ्यायचं. एवढंच.

आता खरेदीकडे येऊ. माझं बजेट चाळीस हजारांच्या आसपास होतं, फार ताणलं तर पन्नास. बाबांचं म्हणणं, "एवढ्यात फ्रिज येतो." तेही खरंच. मी तीन पर्याय काढले.

पहिला रेगा प्लॅनर वन. इंग्लिश कंपनी, बेल्टवर फिरणारा, अगदी साधा आणि सुंदर. त्याचा टोनआर्म या किमतीत फार नावाजलेला आहे. वेग बदलायचा तर वरची तबकडी उचलून बेल्ट हातानं सरकवायचा. आत प्रीअँप नाही, तो वेगळा घ्यायचा. दुकानात त्यावर माझीच एलपी लावून ऐकली. खोटं कशाला बोलू, मला सगळ्यात जास्त तोच आवडला. सतारीची तार सुटताना जो बारीक आवाज येतो ना, तो मी त्या एलपीत पहिल्यांदा ऐकला.

दुसरा प्रो-जेक्ट डेब्यू कार्बन इव्हो. ३३ आणि ४५ बटणावर, ७८साठी वेगळा बेल्ट लावायचा. टोनआर्म कार्बन फायबरचा.

तिसरा ऑडिओ-टेक्निकाचा एलपी १२० एक्स. हा डायरेक्ट ड्राइव्ह, म्हणजे बेल्ट नाही, मोटरच तबकडी फिरवते. दिसतो १९७२ साली आलेल्या टेक्निक्सच्या एसएल-१२०० घराण्यातला, पण अंगानं आणि किमतीनं बराच हलका. ३३, ४५, ७८ तिन्ही वेग बटणावर, वेग थोडा कमी-जास्त करायला सरकपट्टी, आत प्रीअँप, आणि तो बंद करून बाहेरचा लावायचीही सोय. बरोबर येते व्हीएम ९५ ई कार्ट्रिज.

इथे प्रीअँपबद्दल दोन वाक्यं. या प्रकारच्या कार्ट्रिजमधून जेमतेम तीन ते पाच मिलिव्होल्ट येतात. शिवाय एलपी कापताना बास मुद्दाम कमी आणि वरचे सूर जास्त ठेवलेले असतात, नाहीतर खाचा फार रुंद होतील आणि खरखर जास्त ऐकू येईल. वाजवताना हे उलटं करावं लागतं. आवाज वाढवणं आणि हा हिशोब उलटा करणं, दोन्ही कामं फोनो प्रीअँपची. म्हणून टर्नटेबल थेट साध्या स्पीकरला लावला तर आवाज बारीक आणि चिरका येतो. यंत्र खराब नसतं.

तर निवड. मन रेगावर होतं, पण त्यात ७८ नाही. मी आठवडाभर स्वतःला समजावत होतो की सूटकेसवाला ठेवू आजीसाठी आणि रेगा घेऊ माझ्यासाठी. पण सूटकेसवाल्यात नुसता वेगाचा प्रश्न नव्हता. एलपीची साधी सुई टोकाला साधारण १८ मायक्रॉनची, आणि ७८च्या खाचेला लागते सुमारे ७५ मायक्रॉनची. चौपट! बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी, शंभर वर्षांच्या धुळीत लोळत जाते. म्हणून इतकी खरखर. माझ्या प्लेअरवर '७८' लिहिलं होतं खरं, पण ते वेगापुरतं. सुई सगळ्याला एकच.

१२० एक्स घेण्याचं खरं कारण हे. व्हीएम ९५ कार्ट्रिजची सुई हातानं ओढून निघते आणि त्याच बॉडीत ७८साठीची जाड सुई बसते. सुई बदलली की पाठीमागचं वजन पुन्हा लावायचं. दोन्ही सुयांना वजन वेगवेगळं लागतं, ते सुईच्या कागदावर दिलेलं असतं. छोटा डिजिटल काटा घ्या, अंदाजावर सोडू नका.

एलपी ऐकणाऱ्यांना याच बॉडीचा आणखी एक फायदा. आज सोबत आलेली सुई वापरा, पुढे पैसे आले की मायक्रोलाइन सुई लावा. कंपनीच्याच सांगण्याप्रमाणे साधी इलिप्टिकल सुई ३०० तासांच्या आसपास टिकते, मायक्रोलाइन १००० तास. रोज एक एलपी ऐकणाऱ्यानं हा हिशोब करून बघावा. महाग सुई पुष्कळदा स्वस्त पडते.

आणखी एक. अमेरिकेतून कुणी जुना टर्नटेबल आणून देतो म्हणालं, तर मोटर कोणती ते विचारा. जुन्या एसी मोटरी विजेच्या फ्रिक्वेन्सीवर चालतात. तिकडे ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. व्होल्टेजसाठी ट्रान्सफॉर्मर लावला तरी ३३ची रेकॉर्ड मिनिटाला २८ फेऱ्यांवर रेंगाळेल.

आता शेवटचं. नवीन यंत्र आलं, जोडलं, जाड सुई लावली, दोन्ही चॅनल एकत्र करून मोनो केलं. ७८च्या रेकॉर्डमध्ये आवाज आडव्या हालचालीत असतो, त्यामुळे मोनो केलं की उभ्या हालचालीची बरीच खरखर आपोआप गळते. आजीला बोलावलं. तीच रेकॉर्ड, चांगली बाजू वर. लेबल इतकं झिजलंय की गाणाऱ्या बाईंचं नाव वाचता येत नाही.

आजी म्हणाली, "बरंच बरं आहे. पण अजून किंचित वर आहे." मी म्हटलं, "आजी, आता बरोबर ७८ आहे, मोजलंय." तर म्हणाली, "अण्णा या गाण्याबरोबर पेटी वाजवायचे. काळी चारमध्ये. ग्रामोफोनची कळ फिरवून आधी पेटीला जुळवून घ्यायचे, मग वाजवायचे."

मी मोबाइलवर तानपुऱ्याचं ॲप लावलं, काळी चार. आणि ती वेगाची सरकपट्टी, जी डीजे लोकांसाठी असते असं मी समजत होतो, ती हळूहळू खाली घेतली. एक टक्का. दीड. दोनच्या जरा अलीकडे सूर मिळाला. आजीनं नुसता हात वर केला, थांब म्हणून.

आता इंजिनिअर म्हणून सांगायचं तर, त्या काळच्या सगळ्या रेकॉर्ड्स बरोबर ७८लाच मुद्रित झालेल्या नाहीत, वेग मागेपुढे असायचा. आमची त्या बाईंच्या खऱ्या पट्टीला जुळली की फक्त अण्णांच्या पेटीला, हे मला सांगता येणार नाही. मी सरकपट्टीशेजारी पेन्सिलीनं एक खूण करून ठेवली आहे. आजी आली की तिथे.

रेगाची आठवण येते का? येते. सतारीची एलपी लावली की येतेच. पण तो पुढेही मिळेल.

तर तुमच्यासाठी क्रम असा: रेकॉर्ड स्वच्छ करा, शंभर फेऱ्या मोजा, सुई तपासा, स्पीकरचं टेबल वेगळं करा. एवढं करूनही खटकत असेल तर टर्नटेबल बदला. आणि घरात ७८च्या रेकॉर्ड्स असतील, तर त्या कुणाबरोबर ऐकायच्या आहेत हे आधी ठरवा. दुकानात नंतर जा.

पुढच्या भागात या ३४ रेकॉर्ड्स, म्हणजे साडेतेहतीस म्हणू, कॉम्प्युटरवर कशा उतरवतोय ते सांगतो. तुमचे १८० सेकंद किती आले, नक्की कळवा. भेटू.