गडी कुणाचा?

(टेंभी नाका, ठाणे येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



आपल्या भाषेत 'गडी' हा शब्द दोन घरी नांदतो. कबड्डीच्या मैदानात गडी म्हणजे भिडू, बरोबरीचा. वाड्यात गडी म्हणजे धनी सांगेल ते करणारा पगारी माणूस. संयोजकांनी पत्रिकेत माझा विषय 'क्लब की देश?' असा छापलाय. मी तो जरा मराठीत आणतो. खेळाडू हा यातला कोणता गडी? आणि दुसरा असेल, तर त्याचा धनी कोण?

हे कोडं आपल्या नाक्यावर दरवर्षी गोपाळकाल्याला उभं राहतं. आनंद दिघेसाहेबांनी सुरू केलेल्या हंडीला मुंबईहून टेम्पो भरभरून पथकं येतात. टी-शर्टवर नाव एकाचं, पथक दुसऱ्याचं आणि खांदा तिसऱ्याचा. २०२२ साली सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला, गोविंदाचा मृत्यू झाला तर वारसांना १० लाखांची मदत जाहीर केली. पुढच्याच वर्षी प्रो गोविंदा लीग आली. म्हणजे टी-शर्टवर मिरवणारी नावं आणखी वाढली. भांडण नेहमी टी-शर्ट आणि पथक यांचं असतं. दुखतं खांद्याला. आज मी एवढंच सांगायला उभा आहे.

हे भांडण रग्बीत फार कडवट झालं. रग्बी आपल्याला परकी. बॉम्बे जिमखान्याच्या हिरवळीवर ती खेळतात एवढं ऐकून माहीत. २०२५च्या जूनमध्ये अंधेरीत सहा संघांची रग्बी प्रीमियर लीग झाली तेव्हा थोडी तोंडओळख झाली. पण या खेळातल्या क्लबच्या आणि देशाच्या नात्याची एक खूण चक्क आपल्या रुपयांतून घडवलेली आहे. १८७३ साली कलकत्त्यात साहेबांनी रग्बी क्लब काढला. थोड्याच वर्षांत सभासद गळाले, क्लब मोडायची वेळ आली. मंडळींनी शिल्लक रक्कम चांदीच्या रुपयांत काढली, वितळवली आणि तिचा चषक घडवला. त्याला नागांच्या आकाराचे तीन कान, झाकणावर हत्ती. तो इंग्लंडच्या रग्बी युनियनला देऊन टाकला. १८७९ पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड या 'कलकत्ता कप'साठी झुंजतात. क्लब संपला आणि जाता जाता आपली तिजोरी देशांच्या खेळाला देऊन गेला.

ते हौशी लोकांचे दिवस होते. २६ ऑगस्ट १९९५ रोजी रग्बीत उघडपणे पगार द्यायला मान्यता मिळाली आणि चांदी उलटी वाहू लागली. क्लबचा मालक म्हणतो, "बाराही महिने पगार मी देतो. ऐन हंगामात तुम्ही माझे पंधरातले सात जण देशासाठी नेणार, गुडघा मोडून परत देणार आणि औषधपाणी मी बघायचं?" युनियन म्हणते, "देशाची जर्सी घातली म्हणून तर त्याला भाव आला. ती काढून घ्या, मग बघू तिकिटं कोण घेतं." दोघांचंही खरं आहे. म्हणूनच भांडण मिटत नाही.

नियम तसा देशाच्या बाजूचा. ठरलेल्या आठवड्यांत क्लबने खेळाडूला सोडलंच पाहिजे. पण सामोआ, टोंगा, फिजी या बेटांवरच्या पोरांना विचारा. फ्रान्स-इंग्लंडच्या क्लबांच्या पगारावर तिकडे गावातली घरं चालतात. विश्वचषकाच्या तोंडावर 'जाऊ नकोस' असं कागदावर कुणी लिहून देत नाही. पुढच्या कराराचा विषय तेवढा निघतो. मग पोरगा 'स्वतःहून' माघार घेतो. नियम शाबूत राहतो आणि गडी अडकतो.

आयर्लंडने वेगळी वाट धरली. तिथे चारही प्रांतांचे संघ युनियनच्याच छत्राखाली आणि मोठ्या खेळाडूंचा करार थेट युनियनशी. एकच चूल, त्यामुळे भांड्याला भांडं कमी लागतं. इंग्लंडमध्ये २०२२-२३च्या एका हंगामात वूस्टर, वॉस्प्स आणि लंडन आयरिश असे तीन क्लब बुडाले, तेव्हा सगळ्यांचे डोळे उघडले. २०२४ मध्ये आठ वर्षांचा करार झाला. युनियनने क्लबांना वर्षाला ३ कोटी ३० लाख पौंड द्यायचे आणि त्या बदल्यात खेळाडूंवर देशाचा हक्क वाढायचा. देशप्रेमाच्या भाषणांनी जे जमलं नाही ते हिशेबाच्या वहीने जमलं.

आता आपल्या मातीत येऊ. प्रो कबड्डी २०१४ मध्ये सुरू झाली. चार वर्षांनी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत आपला संघ उतरला. १९९० पासून सलग सात सुवर्णपदकं पाठीशी. संघात मुंबईचा ऋषांक देवाडिगा होता, आपल्या कल्याणचा गिरीश इर्नाक होता. उपांत्य फेरीत इराणने २७-१८ असं हरवलं. त्या इराणी संघाचा कोपरारक्षक फजल अत्राचली आपल्या लीगमध्ये वर्षानुवर्षं खेळलेला. त्याच उन्हाळ्यातल्या लिलावात यू मुंबाने त्याला एक कोटीला घेतलेलं. ज्या पकडींना वरळीत आपण टाळ्या वाजवल्या त्याच आपल्याला बसल्या. महिलांच्या अंतिम सामन्यात इराणने भारताला २७-२४ असं नमवलं, तेव्हा इराणच्या प्रशिक्षक होत्या आपल्या नाशिकच्या शैलजा जैन.

त्या आठवड्यात कट्ट्याकट्ट्यावर एकच सूर होता, लीगने देश बुडवला. मला ते तेव्हाही पटलं नाही. लीगने इराणला घडवलं हे खरं. पण गावच्या जत्रेत ढालीसाठी आणि पाकिटासाठी खेळणाऱ्या आपल्या पोरांना हातात धरता येईल असा पगारही लीगनेच दिला. २०२३ला तर मौज झाली. लीगचा लिलाव सप्टेंबरात ठरला होता, आशियाई स्पर्धेसाठी तो पुढे ढकलला. ७ ऑक्टोबरला हांगझोऊमध्ये गोंधळ, हुज्जत, थांबलेला खेळ, असं सगळं होऊन भारताने इराणला ३३-२९ हरवलं. दोनच दिवसांनी लिलाव. पवन सेहरावतला २ कोटी ६० लाखांवर भाव मिळाला आणि परवा ज्याच्याशी झुंजलो त्या इराणच्या शादलूईला पुणेरी पलटणने २ कोटी ३५ लाखांना घेतलं. आपला अस्लम इनामदार पलटणचा कर्णधार म्हणून त्याच शादलूईला घेऊन लीगचा विजेता ठरला. तारीख एकदा पुढे सरकवली तर दोन्ही घरी दिवाळी झाली!

क्रिकेटमध्ये देश आणि लीग या दोघांचा धनी एकच, त्यामुळे तिथे ठिणगी खाली, रणजी स्पर्धेत पडते. २०२४च्या फेब्रुवारीत श्रेयस अय्यर आणि ईशान किशन यांची नावं क्रिकेट मंडळाच्या वार्षिक करारातून गळली, तेव्हा रणजीकडे फिरवलेली पाठ हेच कारण सगळीकडे बोललं गेलं. जानेवारी २०२५ मध्ये मंडळाने देशांतर्गत सामने बंधनकारक केले. लगेच रोहित, यशस्वी, श्रेयस मुंबईकडून बीकेसीच्या मैदानावर हजर. कर्णधार आपल्या डोंबिवलीच्या लोकलमधून किट वाहत मोठा झालेला अजिंक्य रहाणे. जम्मू-काश्मीरने मुंबईला पाच गडी राखून हरवलं. मात्र मोठ्यांना जागा करून देताना विरारचा आयुष म्हात्रे, सतरा वर्षांचा, बाहेर बसला. वरच्या दोघांच्या भांडणात कधी कधी समेटसुद्धा तिसऱ्याला महाग पडतो.

हे मी नुसतं वाचून सांगत नाही. आमच्या काळी क्लबच्या जागी ऑफिस होतं. आमच्या मंडळातला एक चढाईपटू, त्याला कबड्डीवर नोकरी लागली. जिल्ह्याच्या संघात निवड झाली त्याच आठवड्यात ऑफिसची स्पर्धा आली. साहेब म्हणाले, "जिल्ह्याकडून खेळ, पण रजा मिळणार नाही." जिल्ह्याचे पदाधिकारी म्हणाले, "मातीला विसरलास." तो ऑफिसकडून खेळला, घोटा दुखावून घेतला, आणि पुढच्या मोसमात दोन्ही याद्यांत नव्हता. त्याला मातीला विसरलेला म्हणणाऱ्यांत मीही होतो. घोट्याला प्लास्टर होतं तेव्हा त्याच्या घरी मात्र आमच्यापैकी एकच जण गेला. तो मी नव्हतो.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. निष्ठेची परीक्षा खेळाडूची घेऊ नका. तारखा ठरवणारे दोघं एका टेबलाशी बसवा आणि वर्षाचं वेळापत्रक आधी लिहून घ्या. देशासाठी खेळताना दुखापत झाली तर क्लबचा पगार कोण भरणार आणि क्लबसाठी झाली तर देश किती महिने जागा राखणार, हेही लिहून घ्या. आणि ज्या मंडळाने संध्याकाळी बल्ब लावून, माती मळून, पोराला दम धरायला शिकवलं त्याचा वाटा विसरू नका. फुटबॉलमध्ये खेळाडू क्लब बदलतो तेव्हा रकमेतले पाच टक्के त्याला लहानपणी घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. आपल्या लिलावात हातोडा पडतो तेव्हा त्या गल्लीचं नाव कुणी पुकारत नाही.

कबड्डीचा एक नियम मला फार आवडतो. गडी बाद झाला की रेषेबाहेर बसतो, पण संपत नाही. त्याच्या संघाने समोरचा गडी मारला की तो जिवंत होतो, आणि जो आधी बाद झाला तो आधी जिवंत होतो. क्लबने आणि देशाने गड्यावर हक्क जरूर सांगावा. फक्त तो सांगताना बाहेर बसलेला माणूस आपल्या बाजूचा आहे का, आणि त्याला जिवंत करायची पाळी आपली आहे का, एवढं आधी पाहावं. मी ते त्या वर्षी पाहिलं नव्हतं.