उसाच्या पोटातले झाकलेले दोष

मलकापूरच्या परिसरात भात आणि ऊस शेजारी नांदतात. दोन्ही मुळात गवतंच. पण जनुकात बिघाड झाला की वागतात अगदी निराळी. भाताच्या पेशीत २४ गुणसूत्रं, म्हणजे १२ जोड्या. प्रत्येक जनुकाच्या बहुधा दोनच प्रती. हरितद्रव्याचं एखादं जनुक एका प्रतीत बिघडलं, तर दुसरी प्रत काम निभावून नेते. पण भात आपल्याच परागावर फळतो, त्यामुळे पुढच्या पिढीत काही दाण्यांच्या वाट्याला दोन्ही बिघडलेल्या प्रती येतात. तसं रोप तरव्यात पांढरंफटक उगवतं, दाण्यातली शिदोरी असेतो तग धरतं आणि मरतं. बियाण्यावर किरणांचा मारा करणारे संशोधक अशी पांढरी रोपं मोजूनच बिघाड किती झाला ते ताडतात.

उसाचं तसं नाही. आजचा ऊस हा गोड, जाड ऊस आणि रानटी ऊस यांचा संकर. गुणसूत्रं शंभर ते एकशेतीस, आणि जातीगणिक आकडा बदलतो! एकेका गुणसूत्राच्या दहा-बारा प्रती, त्याही एकसारख्या नाहीत. म्हणून उसात एखादी प्रत नासली तरी बाहेरून काहीच दिसत नाही. हा नुसता तर्क नाही. फ्लोरिडातल्या संशोधकांनी उसाचा कठीणपणा वाढवणाऱ्या लिग्निनमागचं एक जनुक निवडलं. त्याच्या १०९ प्रती निघाल्या. त्यांपैकी १०७ प्रती बदलल्या, तेव्हा लिग्निन जेमतेम पाचव्या हिश्शाने घटलं. हा प्रयोग २०१८ सालचा. पुढे हरितद्रव्याच्या एका जनुकाच्या ४९ प्रतींवर असाच घाव घातला, तेव्हा कुठे पान पिवळं पडलेलं डोळ्यांना दिसलं. भातात दोन प्रतींत उरकतं ते काम इथे चाळीस-पन्नास प्रतींवर जातं.

कुणी म्हणेल, मग जास्त प्रती म्हणजे उसाला सगळे बदल पचतात. तसंही नाही. त्याच संशोधकांनी तणनाशकाला दाद न देणारा बदल एका जनुकात घडवला, आणि मोजक्याच प्रतींत तो झाला तरी रोप तगून राहिलं. कारण उघड आहे. काम बंद पडणारा बिघाड इतर प्रती भरून काढतात. नवं काम करणारी प्रत मात्र एकटीही आपला प्रभाव दाखवते. म्हणजे बदलाचा परिणाम नुसता त्या बदलात नसतो, तो कोणत्या घरात घडला यावरही ठरतो. प्रतींखेरीज आणखीही आधार असतात. प्रथिनांची घडी नीट ठेवणारं एक मदतनीस प्रथिन फळमाशीत कमी केलं, तर पिढ्यान्‌पिढ्या दडलेल्या डोळ्यांच्या, पंखांच्या विकृती एकदम उघड्या पडतात, हे १९९८ साली दाखवून दिलं गेलं. झाकलेला दोष नाहीसा झालेला नसतो, एवढं यातून कळतं.

उसातही तसंच. कांड्यांनी लागण करतो तोवर झाकण घट्ट बसलेलं असतं, कारण बेण्यातून गुणसूत्रांचा तोच संच पुढे जातो. तुऱ्यातल्या बियांपासून रोपं केली की संच नव्याने वाटला जातो आणि कमकुवत रोपं ढिगाने निघतात. म्हणूनच कोईमतूरला १९१२ पासून आणि आपल्याकडे आंबोलीच्या संकर केंद्रात हजारो रोपांतून बोटावर मोजण्याइतकी ठेवतात. को ८६०३२ ही जात अशाच चाळणीतून आली आणि १९९६ साली पाडेगावहून ‘नीरा’ या नावाने प्रसारित झाली.

आता सगळ्यात नेहमीचा आक्षेप: “को ८६०३२ पूर्वीसारखी राहिली नाही, जात बिघडली.” जात बिघडते म्हणजे काय? जनुकं बिघडली असती तर बेण्याला गरम हवेची प्रक्रिया देऊन ती दुरुस्त झाली नसती, कारण उष्णतेने जनुकातला बदल मागे फिरत नाही. पण तशी प्रक्रिया केलेलं बेणं पुन्हा जोमाने फुटतं, गवताळ वाढ कमी होते. मग दोष बहुतांशी बेण्यातून बेण्यात जाणाऱ्या रोगांचा आहे, आणि त्यांच्यावर शंभर-सव्वाशे गुणसूत्रांचं काही चालत नाही. ऊस आपल्या जनुकांचे दोष झाकतो, रोगांचे नाही.

तेव्हा आडसालीची लागण ठरवताना खोडव्यातून बेणं घेऊ नका. प्रक्रिया केलेल्या बेणेमळ्यातला नऊ ते अकरा महिन्यांचा ऊस पाहून घ्या आणि दर तीन वर्षांनी बेणं बदला.