ऋण आणि संसार



कर्जाविषयी आपल्याकडे दोन वेळा बोलणे होते : एकदा ते काढताना, हलक्या आवाजात, आणि पुन्हा ते थकले म्हणजे, चारचौघांत. ह्या दोहोंमधला जो दीर्घ काळ, म्हणजे कर्ज फेडण्याचा, त्याविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. वस्तुतः तरुण संसाराची खरी कसोटी त्याच काळात लागते. कर्ज काढावे की काढू नये, ह्या जुन्या वादात आज शिरावयाचे नाही. डोक्यावर असलेले कर्ज नवराबायकोंनी मिळून कसे फेडावे, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

ह्या प्रश्नाचा विचार करताना पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतचा उद्योगपट्टा साहजिकच डोळ्यांपुढे येतो. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. १९७० साली ह्या गावांची नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये महानगरपालिका. गेल्या पाव शतकात मोटारींचे मोठमोठे कारखाने चाकणच्या माळावर आले. मराठवाडा, विदर्भ, खानदेश येथून आलेला तरुण भोसरीस अगर चिखलीस भाड्याची खोली घेतो, लग्न होते, पत्नी त्या खोलीत राहावयास येते. परंतु गावची विहीर, वडिलांचे आजारपण, बहिणीचे लग्न ह्यांपायी काढलेले कर्ज पुष्कळदा तिच्या आधीच त्या खोलीत येऊन बसलेले असते, आणि ते तिला ठाऊक नसते.

गावच्या एकत्र कुटुंबात कर्ज लपत नसे; ओसरीवर बसलेला सावकाराचा माणूस सगळ्यांस दिसे. शहरातील दोन माणसांच्या घरात ते सहज लपते. शिवाय येथील मिळकतीचा भरवसा कमी. कंत्राटी नोकरी आज आहे, उद्या नाही. ओव्हरटाइम एका महिन्यात मिळतो, पुढच्या महिन्यात बंद होतो. हप्ता मात्र ठरल्या तारखेस येऊन उभा राहतो. मग नवरा पहिल्याचा हप्ता भरण्यास दुसऱ्याकडून उसने घेतो, दुसऱ्यासाठी भिशी आधी उचलतो, आणि घरी सांगतो की सर्व ठीक आहे. ह्या लपवालपवीपायी घराचे जे नुकसान होते, ते कित्येकदा व्याजाहूनही अधिक असते.

ह्याच पट्ट्याच्या कडेला इंद्रायणीकाठी देहू आहे, आणि ऋणाची एक फार जुनी कथा त्या गावची आहे. १६३० च्या सुमारास पडलेल्या भयंकर दुष्काळात तुकोबांचा व्यापार बुडाला. पुढे महीपतींनी त्यांचे जे चरित्र सांगितले आहे, त्यात अशी हकीकत येते की, जिजाईंनी स्वतःच्या नावावर दोनशे रुपयांचे कर्ज काढून तुकोबांना पुन्हा व्यापारास धाडले. त्यांना त्यात पन्नास रुपयांचा नफाही झाला. परंतु परतीच्या वाटेवर कर्जापायी गांजलेला एक ब्राह्मण भेटला, आणि तुकोबांनी ती सारी रक्कम त्यास देऊन टाकली. लोकांकडील येण्याची खते निघाली, तेव्हा निम्मी त्यांनी भाऊ कान्होबांस दिली आणि आपली निम्मी इंद्रायणीच्या डोहात सोडली, असेही परंपरा सांगते. त्यांच्या वैराग्याची थोरवी कोणी नाकारणार नाही. तथापि आपण सामान्य माणसे त्या थोरवीस पोचणारी नव्हेत, म्हणून ही कथा क्षणभर जिजाईंच्या बाजूने ऐकावी. खतावर नाव तिचे, रकमेची वाट लावणारा हात दुसऱ्याचा, आणि दोहोंमध्ये विचारविनिमय नाही. संताच्या घरी ह्याची भक्तिकथा झाली. इतर घरी ह्याचे दिवाळे होते. ज्याचे नाव खतावर आहे त्यास खर्चाची खबर हवी, आणि जो खर्च करतो त्यास खताची आठवण हवी.

खताची आठवण राहावयाची तर प्रथम खत समजले पाहिजे. ते न समजल्याने केवढा अनर्थ होतो, हे आपल्याच पुणे जिल्ह्याने पाहिले आहे. १८७५ च्या मे महिन्यात सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून कर्जरोखे बाहेर काढून जाळले आणि दंग्याचे लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. ज्या कागदावर अंगठा उठविला त्यात काय लिहिले आहे, हे त्यांतील बहुतेकांना वाचता येत नव्हते. चार वर्षांनी, १८७९ साली, दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. रोख्याच्या मागे जाऊन मूळ हिशेब तपासण्याचा अधिकार त्याने न्यायालयांस दिला. आजचा तरुण सुशिक्षित आहे, परंतु दूरध्वनीच्या पडद्यावर तोही वाचल्यावाचूनच अंगठा टेकवतो. त्याच्या सोयीसाठी रिझर्व्ह बँकेने असा नियम केला आहे की, १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ मुदतकर्जांत सर्व शुल्कांसह वार्षिक दर दाखविणारे माहितीपत्रक ऋणकोस समजेल अशा भाषेत दिले पाहिजे. ते मागून घ्यावे आणि दोघांनी शेजारी बसून वाचावे. एक लाख रुपये तीन वर्षांसाठी 'सरळ बारा टक्क्यांनी' मिळतात असे ऐकले की स्वस्त वाटते; पण मुद्दल दरमहा फिटत असताना व्याज शेवटपर्यंत पूर्ण लाखावर आकारले जात असेल, तर तोच दर प्रत्यक्षात एकवीस टक्क्यांच्या घरात जातो.

कागद वाचून झाला म्हणजे वही घालावी. तीत प्रत्येक देणे लिहावे : कोणाचे, किती, कोणत्या दराने. दर सर्वांचा एकाच मापात, म्हणजे वर्षाचा लिहावा. 'शेकडा पाच' हे शब्द कानास सौम्य लागतात. ते दरमहा असतील तर वर्षाचे साठ टक्के होतात. आपण एक कल्पित घर घेऊ. त्यास तीन देणी आहेत : खासगी सावकाराचे ६०,००० रुपये, दरमहा शेकडा पाचने, पत्नीच्या बांगड्या गहाण ठेवून घेतलेले ८०,०००, दरमहा शेकडा एकने, आणि मामांचे ४०,०००, बिनव्याजी. दोघांच्या मिळकतीतून महिन्यास ९,००० रुपये बाजूस निघतात. तिघांचाही मान राखावा म्हणून त्यांनी प्रत्येकास तीन-तीन हजार दिले, तर काय होईल? सावकाराचे महिन्याचे व्याजच तीन हजार आहे. त्याचे मुद्दल एक रुपयानेही कमी होणार नाही. उलट, सोन्याचे केवळ व्याज ८०० रुपये भरून उरलेले ८,२०० सावकारास देत गेले, तर दहाव्या महिन्यात तो खात्यातून नाहीसा होतो. मग सर्व रक्कम सोन्याकडे वळवली म्हणजे एकोणिसाव्या महिन्यात बांगड्या घरी येतात, आणि चोविसाव्या महिन्यात मामांचेही पुरते फिटते. पैसा तोच आणि माणसेही तीच. फरक केवळ क्रमाचा.

ह्या हिशेबात एक अवघड जागा आहे. ज्या मामांनी व्याज घेतले नाही त्यांनाच सर्वांच्या शेवटी ठेवावे लागते. ही गोष्ट वही सोडवू शकत नाही. ती माणसांनी सोडवावयाची. दोघांनी मिळून मामांकडे जावे, वही पुढे ठेवावी आणि तारीख सांगावी. कर्जदार तोंड चुकवू लागला की नाते तुटते. समोर बसून हिशेब दाखवणाऱ्या भाच्यास बहुतेक मामा मुदत देतात. आणि एखाद्याने न दिलीच, तर ते त्याच दिवशी कळलेले बरे.

बांगड्यांविषयीही स्वतंत्रपणे बोलले पाहिजे. अडचण आली की घरातील पहिली वस्तू जाते ती पत्नीचे सोने. आणि कर्ज फिटल्याची मोजदाद होते तेव्हा विसरली जाते तीही तीच. स्त्रीधन ही पतिपत्नींची सामायिक मालमत्ता नव्हे, आणि पतीने ते अडचणीत वापरले तरी परत करण्याचे नैतिक बंधन त्याजवर राहते, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मधील एका निकालात सांगितले आहे. म्हणून सोने विकले गेले असले तरी त्याचे वजन वहीत देणे म्हणून लिहावे. तसे लिहिले की फेडीच्या कामात पत्नी मदतनीस राहत नाही, भागीदार होते. आणि भागीदाराशी सल्लामसलत करावीच लागते.

फेडीसाठी पत्नीने मिळवावयाचे ठरविले, तर नवऱ्याच्या पाळ्यांप्रमाणे घरकामाचीही वाटणी बदलली पाहिजे. एरवी तिच्यावर दोन पाळ्या पडतात आणि त्यांतील एकीचे वेतन शून्य असते. एकटीस बँकेची पायरी चढणे कठीण वाटत असेल, तर आपल्याकडे त्याचाही मार्ग दाखविला गेला आहे. १९७५ साली प्रेमा पुरव ह्यांनी मुंबईच्या गिरणगावात खाणावळी चालविणाऱ्या स्त्रियांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र केले. वाणी व सावकार ह्यांच्या देण्याखाली दबलेल्या ह्या स्त्रियांस, एकमेकींच्या हमीवर, राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळू लागले. त्यांच्या कन्या मेधा सामंत ह्यांनी पुढे तेच काम पुण्याच्या वस्त्यांत नेले. चढ्या व्याजाचे देणे माफक व्याजाच्या देण्याने फेडून टाकणे, हे त्या कार्याचे साधे मर्म. आणि बचत गटात बसणाऱ्या भोसरीच्या अगर मोशीच्या गृहिणीसही ते उपयोगी पडणारे आहे.

घरासाठी काढलेल्या मोठ्या कर्जासही हाच न्याय लागतो. तीस लाख रुपये साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे २६,००० रुपये बसतो. त्यात आरंभापासून दरमहा दोन हजारांची भर घालता आली, तर कर्ज तीन वर्षांहून अधिक काळ आधी संपते आणि सुमारे सहा लाख रुपये वाचतात. बदलत्या दराच्या गृहकर्जाची मुदतपूर्व फेड केल्यास दंड घेण्यास रिझर्व्ह बँकेने बँकांना २०१२ सालापासून मनाई केली आहे, हेही ध्यानात असावे.

राहिली मुले. त्यांना कर्जाची धास्ती घालू नये, पण त्यांच्यापासून ते चोरूनही ठेवू नये. सात-आठ वर्षांच्या मुलास 'ह्या दिवाळीस सायकल नाही, पुढच्या दिवाळीस आहे' हे कारणासह सांगितले तर समजते. आणि वहीतील एखादे नाव पुसले जाईल त्या रविवारी घरी श्रीखंड झाले, तर फेडणे म्हणजे काय हेही समजते. त्या श्रीखंडाचा खर्च महिन्याच्या हिशेबातच धरून ठेवावा. सर्व सुखे तोडून केलेली फेड फार दिवस टिकत नाही. चौथ्या-पाचव्या महिन्यात कोणाचा तरी धीर सुटतो आणि नवे कर्ज घरात शिरते.

तेव्हा ज्या घरात आज देणे आहे त्याने मिळकत वाढण्याची वाट पाहत बसू नये. पुढल्या पगाराच्या दिवशी, जेवणे आटोपल्यावर, दोघांनी वही घेऊन बसावे आणि सर्व आकडे लिहावे. त्या रात्री झोप कदाचित उशिरा लागेल. पण ज्या आकड्यास एकटा मनुष्य वर्षभर भीत होता, तो दोघांच्या डोळ्यांपुढे कागदावर आला की त्यास आरंभ असतो तसा शेवटही असतो, आणि त्या शेवटाचा महिना मोजून सांगता येतो.