वापरलेलं पाणी पुन्हा कारखान्यात



महाड-पोलादपुरात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तरी एप्रिल-मे आला की डोंगरातल्या वाड्या टँकरची वाट बघतात. याच भागात बिरवाडीलगतची एमआयडीसी रंग, औषधं, रसायनं बनवायला रोज गोडं पाणी उचलते. वापरून खराब झालेलं पाणी सामाईक प्रक्रिया केंद्रात, म्हणजे सीईटीपीत जातं आणि तिथून सावित्रीच्या खाडीकडे. खाडीवर भोई-कोळ्यांची पोटं आहेत. हे पाणी खाडीकडे न सोडता कारखान्यांकडेच परत फिरवावं, असं माझं ठाम मत आहे.

सीईटीपीची मुख्य मदार जिवाणूंवर असते. तिथला ऑपरेटर हवेच्या टाकीतलं गढूळ पाणी एक लिटरच्या काचेच्या मोजपात्रात भरतो आणि अर्धा तास हलवत नाही. तपकिरी गाळ तळाला बसून वर निवळ पाणी आलं, म्हणजे जिवाणू धडधाकट. पण कुणी रात्री तीव्र आम्ल किंवा सॉल्व्हंट सोडलं, तर जिवाणू मरतात, गाळ बसेनासा होतो. टाकी पुन्हा रुळावर यायला कित्येक दिवस लागतात, आणि तोवर नियमानं वागणाऱ्या कारखान्यांचं पाणीही धड साफ होत नाही.

म्हणून खरं काम कारखान्याच्या कुंपणाआत आहे. रिॲक्टरमधून निघणारं खारट, तीव्र पाणी एका नळानं न्यायचं. कूलिंग टॉवरचं, फरशी धुतल्याचं सौम्य पाणी दुसऱ्या. दोन्ही एकत्र झाली की सौम्य पाणीही हातचं जातं. वेगळं ठेवलं तर जिवाणू, वाळू, कार्बन आणि शेवटी आरओ, एवढ्यातून गेल्यावर शंभर लिटरमागे साधारण साठ-सत्तर लिटर कूलिंग टॉवरसाठी परत मिळू शकतं. उरलेलं खारं पाणी आटवावं लागतं. त्याला इंधन लागतं, आणि खर्चाचं खरं दुखणं तिथेच आहे. तळाला राहिलेलं मीठही उघड्यावर टाकता येत नाही. ते तळोज्यासारख्या सुरक्षित लँडफिलला न्यावं लागतं.

हे परवडतं का? तमिळनाडूत तिरुपूरची नोय्यल नदी रंगांनी खराब झाली. २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं तिथले रंगाईचे कारखाने बंद करायला लावले. पुन्हा सुरू झालेले कारखाने आज आपलं पाणी परत वापरतात, आटवून काढलेलं मीठसुद्धा पुन्हा रंगाईला घेतात. आपल्याकडे चेंबूरची आरसीएफ ही खत कंपनी शहराचं मैलापाणी शुद्ध करून वापरते, आणि नागपूरचं सांडपाणी प्रक्रियेनंतर कोराडीच्या वीजकेंद्राला जातं. बिरवाडीचं काम यांहून अवघड आहे, हे मान्य. तिरुपूरचं मीठ जवळपास एका जातीचं. इथं प्रत्येक कारखान्याचं पाणी निराळं. पण म्हणूनच प्रत्येकानं आपापल्या दारात नळ वेगळे करायला हवेत.

बिरवाडी आणि आसपासच्या ग्रामपंचायतींना माझी विनंती आहे. येत्या ग्रामसभेत प्रत्येक कारखान्याला दोन आकडे विचारा: महिन्याला पाणी किती घेतलं आणि त्यातलं किती पुन्हा वापरलं. मीटर दोन्हीकडे बसवता येतात. ते आकडे दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा.