गोळीनं मेंदू गंजतो का?

(कार्यकर्ता शिबिरातील भाषण)



आमच्या सल्ला केंद्रात एक बाई आल्या. नवऱ्याची मारहाण, झोप नाही, जेवण नाही. डॉक्टरांनी नैराश्यावर दिलेल्या गोळ्या सासूनं मोरीत ओतल्या होत्या. "यांनी मेंदू गंजतो म्हणतात. ताई, खरं का हो?"

मी समाजकार्य शिकलेली, डॉक्टर नाही. म्हणून वाचलं, डॉक्टरांना विचारलं.

मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे 2 टक्के, पण तो प्राणवायू वापरतो जवळजवळ 20 टक्के. त्या वापरात पेशींना इजा करणारे रेणू तयार होतात. त्यांना आवरायला ग्लुटाथिओनसारखी शरीराची स्वतःची द्रव्यं असतात. नैराश्यात हा तोल बिघडलेला अनेक अभ्यासांत दिसला. सतत ताणाखाली ठेवलेल्या उंदरांना फ्लुओक्सेटिन दिल्यावर तो बराच सावरला. माणसांच्या रक्ततपासण्यांतही उपचारानंतर पुष्कळदा सुधारणा दिसते, सगळीकडे नाही. गोळीचा गुण याच वाटेनं येतो, हे सिद्ध झालेलं नाही. पण कल त्या भीतीच्या उलटच आहे.

मी बाईंना सांगितलं, गुण यायला काही आठवडे लागतात. डॉक्टरांना न विचारता गोळी सोडू नका, एकदम सोडली तर त्रास होतो.

आणि एक. प्रयोगात उंदरांना ताण माणूस देतो. आपल्या बाईंना तो कोण देतं, हे गोळी विचारणार नाही. ते आपण विचारायचं. त्यांची गोळी चालू राहिली, आणि मारहाणीची तक्रारही आम्ही सोबत जाऊन नोंदवली.