रस्ता कोणी केला?



मोटारीमागे चाकांवरची खोली जोडून नवराबायको उत्तरेला निघतात. कॅनडातील डॉसन क्रीकपासून अलास्कापर्यंत दोन हजारांवर किलोमीटर. सांज झाली की नदीकाठी थांबायचे, चहा ठेवायचा, तिथेच झोपायचे. या सुखाचा मला हेवा नाही; ते प्रत्येक कामगाराच्या वाट्याला यावे, एवढेच माझे म्हणणे. पण ती दोघे ज्यावरून जातात तो रस्ता कोणी केला?

१९४२ साली, युद्धाच्या धास्तीने, १०,००० हून अधिक अमेरिकी सैनिकांनी सुमारे ८ महिन्यांत तो जंगलातून काढला. त्यांत जवळजवळ एक तृतीयांश काळे होते. त्यांच्या पलटणी वेगळ्या. चिखल, डास आणि थंडी मात्र सारखीच. ऑक्टोबरात बीव्हर क्रीकजवळ दोन्ही बाजूंचे बुलडोझर समोरासमोर आले. एकावर काळा, दुसऱ्यावर गोरा. दोघांनी हात मिळवले. सैन्यातला भेद मोडण्याचा हुकूम निघाला तो १९४८ मध्ये.

त्याच वर्षी आपल्याकडील कारखाना कायद्याने २० दिवसांच्या कामामागे १ दिवसाची पगारी रजा दिली. मित्रहो, रजा हक्काने घ्या, नवराबायको मिळून मुलूख पाहा. फक्त चाकाखालच्या खडीला एकदा विचारा: बाई, तुला कोणी फोडले?